तू पुढे बघून घेतलेले दोन भाग

चंदा, तुझ्या दहाव्याहून मी रडत नाही, चिडून घरी आले. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे तुला वाटायला नको की ही बाई मेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहितेय.

नाक्यावर तुझा बॅनर लागला होता. वर तुझा फोटो, खाली पुतणे, भाचे, मित्रमंडळ, असे इतके चेहरे की त्यात तुझाच शोधावा लागत होता. मला त्या बॅनरचाही हेवा वाटला. मी गेले तर जुईनगरात कोण लावणार आहे? वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं दोन ओळी लिहितील आणि नवीन पुस्तकांची यादी आली की पुसतील. मैत्रिणीच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर जळणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली.

पण चिडले ते वेगळ्याच गोष्टीवरून. वाचनालयाच्या चौघीजणी भेटायला आल्या होत्या. तुझ्या फोटोसमोर बसल्या, तुझ्या सुनेचा, प्रणालीचा हात हातात घेतला. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई म्हणजे वासंतीताईंच्या सदराच्या पहिल्या वाचक. आणि ताई तरी काय लिहितात हो! ते कामवालीचं वाक्य मी घरी सगळ्यांना ऐकवलं. मालिकेचे आठ भाग झाले, सगळं घर जेवतंय, पण त्या कामवालीनं एक घास खाल्लेला अजून कुणी दाखवला नाही. असं दिसायला डोळा लागतो."

तो डोळा तुझा होता. वाक्यही तुझं. तुझंच वाक्य तुझ्या फोटोसमोर तुझ्या सुनेला माझ्या नावानं ऐकवलं जात होतं, आणि मी मान खाली घालून "कसचं, कसचं" म्हणाले. प्रणालीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रिकामे कप उचलून ती आत गेली.

निघताना अध्यक्षबाईंनी मला काम दिलं. वाचनालयाच्या पुढच्या पत्रिकेत चंद्रकलाताईंवर तुम्हीच लिहा, साध्या, प्रेमळ गृहिणी, तुमच्या चाहत्या, असं काहीतरी, अर्धं पान पुरे. मी हो म्हणाले. ते अर्धं पान म्हणजे हे. लांबणार आहे, आणि तू साधी होतीस असं मी काही लिहिणार नाही.

महापेच्या कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा दुपार मला खायला उठायची. तुमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी एकटी भाडेकरू, खाली तुमचं नांदतं घर. एक दिवस तू जिन्यातून हाक मारलीस, "गो वासंती, वर काय करतेस एकटी? खाली ये. पोरानी मोठा टीव्ही बसवलाय, दुपारचा बघाला कोन नाय." मी गेले ती दोन वर्षं रोज जात राहिले. दोन ते चार. मी सोफ्यावर चष्मा लावून, तू खाली वर्तमानपत्र पसरून. तुझ्या हातात कधी वाल, कधी निवडायचा सुका जवळा. तुझी नजर त्या जवळ्यात असायची म्हणून मला वाटायचं, ही कुठं बघतेय.

एकदा पेंग्विनांचा माहितीपट लागला होता. बर्फावर हजारो पक्षी, निवेदक त्यांच्या निष्ठेबद्दल भरल्या आवाजात बोलत होता, मी डोळे पुसत होते. तू खालूनच म्हणालीस, "ते शूटिंगवाले थंडीनी कडक झालं असतील गो. त्यांना चहा कोन देत असंल?" मला राग आला. माझं रडणं मोडलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पेंग्विन आठवले नाहीत, ती पडद्यावर न दिसलेली माणसंच आठवली. तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं, ते आजतागायत.

मी मराठीची बी.ए. तू सातवीपर्यंत शिकलेली. सव्वीस वर्षं मी भिंगाखाली सर्किट बोर्ड तपासले, बारीक बघण्याचाच पगार खाल्ला. आणि पडद्यावर मला काय दिसायचं? चुका. आधी पेला भरलेला होता, आता अर्धा आहे. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे गेलं. नायिकेची टिकली सरकली. मी उठून पडद्याला बोट लावून दाखवायचे, आणि तू हसायचीस. "केलास का पीस रिजेक्ट?" म्हणायचीस. मी पण हसायचे, पण मला लाज वाटायची. तुला माणसं दिसत होती आणि मला माल दिसत होता.

मग पत्रिकेतलं सदर आलं. बघितलेल्या मालिका आणि माहितीपटांवर दर महिन्याला एक पान. पहिल्या महिन्यात मी माझ्या बुद्धीनं लिहिलं, छायाचित्रण सुंदर, अभिनय संयत. कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या महिन्यात तुझी कामवाली घातली. तीन फोन आले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी झाले, आणि बीळ उबदार होतं.

तू बोललीस की मला ते लगेच टिपून ठेवावं लागे, नाहीतर तुझे शब्द निसटायचे. तुझ्यासमोर कसं लिहिणार? म्हणून मी बाथरूमला जायचं निमित्त करायचे आणि आत उभ्यानं फोनवर टाइप करायचे. चोराच्या मनात चांदणं, म्हणून नळही सोडून ठेवायचे. दुपारी तीनतीनदा जायला लागले तेव्हा तू म्हणालीस, "वासंती, ही शुगर हाय. माजं ऐक." दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी मला ओढत स्टेशनजवळच्या लॅबमध्ये घेऊन गेलीस आणि माझी पर्स मांडीवर घेऊन बसलीस. रिपोर्ट चांगला आला म्हणून गावदेवीला नारळ फोडलास. मी ते खोबरं खाल्लं.

हे मी हसत सांगू शकते. कुत्र्याचं नाही सांगता येत, पण तेही लिहायला हवं.

परदेशातलं कुठलंसं गाव धरणाखाली गेलं होतं. दुष्काळात पाणी आटलं आणि चर्चचं टोक वर आलं, तेव्हा तिथले म्हातारेकोतारे होडीत बसून ते बघायला आले. मी मनात शब्द जुळवत होते, विस्थापन, स्मृती, असले. तू वाल सोलायची थांबलीस. असं कधी होत नसे. म्हणालीस, "गाव सोरला तवा कुत्र्यांचं काय केलं, ते इचारा ना यांना. कोनी इचारत नाय." मग टीव्हीकडेच बघत सांगितलंस. तुझं माहेर द्रोणागिरीकडचं, वडलांचं मिठागर. जमीन गेली, तुम्ही दुसरीकडे राहायला आलात, तू अकरा वर्षांची. "आमचा कालू तीनदा परत गेला जुन्या घराकडं. तीनदा बापानी आनला. चवथ्यांदा आनाला कोन गेला नाय." एवढं बोलून तू पुन्हा वाल उचललेस. आता तिथं गोदामं आहेत, कंटेनर आहेत, हे तू सांगितलंही नाहीस.

त्या दिवशी मी बाथरूमला गेले नाही. टिपायची गरजच नव्हती. पण महिनाअखेर पान लिहायला बसले आणि तो कुत्रा माझा म्हणून लिहिला. आमच्या गावी, मी लहान असताना, आमचा काळू. चंदा, आमच्या गावाला धरण नाही, आम्ही कुठून उठलो नाही, आणि आमच्या घरी मांजर होतं. पण लिहिताना मला कालूचा इतका हेवा वाटत होता की माझ्याकडे तसं काही नाही हे मला सोसवेना. तुझं दुःखसुद्धा माझ्यापेक्षा सरस होतं. त्या महिन्यात अकरा फोन आले.

तेव्हा आपली ती कोरियन मालिका चालू होती, हिंदीत बोलणारी, सोळा भागांची. सूप विकणारी म्हातारी, शहरातून परत आलेली तिची लेक, आणि म्हातारीचा नवरा, जो पुढच्या टेबलावर पेपर घेऊन बसायचा आणि स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडायचा नाही. लेक सूप करायला शिकत होती, तीनतीनदा चाखून बघायची. तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "म्हातारी बघ, चाखत नाय. मीठ तिच्या हातालाच कलतं." मिठागरवाल्याची लेक तू, तुझी नजर पडद्यावरच्या कुठल्याही बाईच्या मिठावरच जायची.

चौदाव्या भागात ती म्हातारी गेली. तू ढसाढसा रडलीस. मला तेही कधी जमलं नाही. तुझे दोन्ही हात जवळ्यात, डोळे पुसता येईनात. "पूस गो," म्हणालीस, तोंड वर करून. मी तुझ्या पदरानं तुझे डोळे पुसले. जवळ्याचा वास, तुझा ओला चेहरा, आणि माझ्या मनात एकच विचार, ही आत्ता काहीतरी बोलेल, ते लक्षात ठेवायला हवं.

तू बोललीस. पण मालिकेवर नाही. "प्रणाली तुजं वाचून दावते मना, दर महिन्याला," म्हणालीस. "कुत्र्याचं पन वाचलं तिनी."

मी तुझा पदर हातातून सोडला.

"लिवतेस चांगलं गो. पन त्यात तू कुठं हायस?"

तुझ्या आवाजात भांडण नव्हतं. खरंच विचारत होतीस. मी एवढंच म्हणायचं होतं की चंदा, चुकले. त्याऐवजी मी चष्मा डबीत घातला आणि म्हणाले, "लिहिणाऱ्यानं स्वतःला मागं ठेवायचं असतं. तुला नाही कळायचं ते." आणि वर निघून आले. चार दिवस खाली उतरले नाही. तू जिन्यातून दोनदा हाक मारलीस, मी दोन्ही वेळा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी तुला दम लागला आणि पोरांनी तुला हॉस्पिटलात नेलं.

भेटीला दहा मिनिटं देत होते. तुझ्या तोंडावर मास्क. तू मला बघून दोन बोटं वर केलीस. दोन भाग राहिलेत. मी म्हणाले, "घरी आलीस की बघू." तू मान हलवलीस. आपला एकच नियम होता, एकीनं पुढे बघायचं नाही. मी भाच्याच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते तेव्हा चार दिवस तू टीव्हीला हात लावला नव्हतास, उलट प्रणालीला दटावलं होतंस. म्हणून मला खात्री होती, ते दोन भाग तुला घरी घेऊन येतील. तू आली नाहीस.

दहाव्यानंतर दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी खाली गेले. का गेले ते सांगता येणार नाही, पाय गेले. प्रणालीनं काही न विचारता टीव्ही लावून दिला. ती मालिका वर आली, आणि मी बघतच राहिले. पंधराव्या आणि सोळाव्या भागाखाली लाल रेघ पूर्ण भरली होती. कुणीतरी शेवटपर्यंत बघितले होते.

"आईनी बघितले, काकू," प्रणाली म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये, माज्या फोनवर. मदी दोन दिवस मास्क काढून वॉर्डात ठेवलेलं ना, तेव्हा. एक इयरफोन त्यांच्या कानात, एक माज्या."

चंदा, तू मेलीस तेव्हा माझ्या पोटात असं तुटलं नव्हतं. तू नियम मोडलास. माझ्याशिवाय बघितलंस, आणि बघितलंस ते सुनेच्या डोक्याला डोकं लावून, एका तारेवर. मी दोन वर्षं सोफ्यावर बसले, मला कधी इतक्या जवळ घेतलं नाहीस. ती पोर बिचारी समोर उभी होती, तिच्या डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि मला तिचा राग येत होता.

"काही बोलली का शेवटी?" मी विचारलं.

"बोलल्या."

"काय?"

"ते आता नाय सांगनार. आई बोलल्या, आदी वासंतीला बघू दे. तिचं काय ते तिला बोलू दे. मग माजं सांग."

मग धीर करून त्या कामवालीच्या वाक्याबद्दल विचारलं. तुला सगळं माहीत होतं तर तू चिडली नाहीस का, असं.

"पैल्यांदा चिडल्या ना. मी बोलले, मी सांगते काकूंना. तर बोलल्या, राहू दे, ती वर एकटी हाय."

तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. मी तुझ्यावर जळत होते आणि तुला माझी कीव येत होती. यातही तू वरचढ.

मी बसले. प्रणाली आत गेली. मोठा पडदा, खाली फरशी रिकामी, वर्तमानपत्र नाही. पंधरावा भाग मला दिसलाच नाही म्हण ना. प्रत्येक दृश्यात मी तुझं वाक्य शोधत होते. इथे चंदा काय म्हणाली असती? आता काय म्हणाली असती? माझं डोकं कोरं. एवढी दोन वर्षं मी बघत नव्हतेच, तुझं बघणं ऐकत होते. सोळावा भाग लावताना मी ठरवलं, काही सुचलं नाही तर तसंच प्रणालीला सांगायचं. जाऊ दे.

शेवटच्या दृश्यात दुकान पुन्हा उघडतं. लेक आत येते, स्वतःचा एप्रन बांधते, चूल पेटवते. खिळ्यावर म्हातारीचा निळा एप्रन आहे, चौदा भाग ती रोज रात्री तो तिथंच अडकवायची. म्हातारा नेहमीसारखा टेबलावर पेपर घेऊन. सगळं छान, संगीत वगैरे. आणि मी सवयीनं ताडकन उठले. एप्रनच्या टोकातून पाणी गळत होतं.

मी मागे घेतलं. आदल्या रात्रीच्या दृश्यात एप्रन सुका. सकाळी ओला. तीनदा मागे घेऊन बघितलं. चूक, दोन शॉट वेगवेगळ्या दिवशी घेतलेले, पीस रिजेक्ट. तुला सांगायला मी खाली फरशीकडे बघितलंसुद्धा. मग चौथ्यांदा बघितलं, आणि या वेळी म्हाताऱ्याकडे नजर गेली. त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. सोळा भागांत कधी नव्हत्या.

कुणी काही बोलत नाही, कॅमेरा तिकडे जातही नाही. पण तो म्हातारा पहाटे उठून त्या स्वयंपाकघरात गेला होता. बायकोचा एप्रन बांधून त्यानं भांडी घासली, तो धुतला आणि परत खिळ्याला लावून बाहेर पेपर घेऊन बसला. किंवा नसेलही. चूकच असेल. मी सोफ्यावर बसले आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडले. कुणी पुसायला नव्हतं, माझे हात मोकळे होते.

प्रणालीला बोलावून सांगितलं. तिनं पडद्याजवळ जाऊन बघितलं, हळूच "अगं बाई" म्हणाली. मी विचारलं, "चंदानं हे बघितलं होतं?"

"नाय काकू. एप्रनचं कायच नाय बोलल्या."

"नक्की?"

"नक्की. आई बोलल्या, पोरीनी आज मीठ चाखून नाय बघितलं. शिकली ती. बस, एवढंच. मग झोपल्या."

मी पाचव्यांदा तो भाग लावला. खरंच, लेकीनं चाखलं नव्हतं. मीठ टाकलं आणि झाकण ठेवलं. माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. हॉस्पिटलातल्या खाटेवर, तळहाताएवढ्या पडद्यावर, तुला दिसलं. मेल्यावरही तू मला जळायला लावतेस.

तर अध्यक्षबाई, आणि पत्रिकेच्या सगळ्या वाचकांनो, नोंद करून घ्या. उपाशी कामवाली चंद्रकलाची. पेंग्विनवाल्यांचा चहा तिचा. कालू तिचा, माझ्याकडे मांजर होतं. मीठही तिचंच.

ओला एप्रन माझा आहे. तो मी बघितला, तुला दिसला नाही. एवढ्याशा फोनवर तो कुणालाच दिसला नसता, हे मला कळतं, चंदा. तरी या वेळी मी जिंकले असंच धरणार आहे. पटत नसेल तर खाली ये आणि भांड.